फिल्म रोलसाठी संरक्षक डबी : मापे, आरेखन आणि थ्रीडी छपाई

फिल्मचा रोल दोन वेळा पूर्णपणे आपल्या भरवशावर असतो. एकदा वेष्टन फोडल्यापासून कॅमेऱ्यात चढेपर्यंत आणि दुसऱ्यांदा कॅमेऱ्यातून उतरल्यापासून लॅबच्या टेबलावर पोचेपर्यंत. यातली दुसरी वेळ अधिक नाजूक असते, कारण तेव्हा फिल्मवर सुप्त (धुण्याआधीची, डोळ्यांना न दिसणारी) प्रतिमा उमटलेली असते आणि उष्णता व दमटपणा यांमुळे ती हळूहळू विरत जाते. ऊटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स बंद पडल्यानंतर आपल्याकडे वापरली जाणारी फिल्म जवळजवळ सगळी परदेशातूनच येते. त्यामुळे एकेका रोलची किंमत आणि तो मिळवण्यासाठी करावी लागणारी खटपट लक्षात घेता, तो बॅगेच्या कप्प्यात चाव्या आणि बॅटऱ्यांसोबत सुटा टाकणे योग्य नव्हे. बाजारात तयार डब्या मिळतात, पण त्यांतल्या बहुतेक 35 मिलिमीटर फिल्मच्या मूळ प्लास्टिक डबीच्या मापाने केलेल्या असतात. नुसती धातूची कॅसेट किंवा 120 चा (कॅसेट नसलेला, कागदासह स्पूलवर गुंडाळलेला रुंद फिल्मचा) रोल त्यांत खुळखुळत राहतो. घरी थ्रीडी प्रिंटर असेल, किंवा जवळच्या शहरात छापून देणारी एखादी सेवा असेल, तर आपल्या गरजेला नेमकी बसणारी डबी स्वतः आखून करून घेता येते. पुढील विवेचनात 35 मिलिमीटरच्या सहा कॅसेटांची एक पेटी आणि 120 च्या एका रोलसाठी नळीसारखी डबी, असे दोन नमुने घेतले आहेत.

डबी कशापासून वाचवते

आरेखनाला हात घालण्याआधी डबीकडून नेमक्या कोणत्या अपेक्षा ठेवायच्या हे ठरवून घ्यावे, कारण चुकीच्या अपेक्षेपोटी केलेल्या आरेखनात भिंती उगाच जाड होतात आणि जी गोष्ट खरोखर हवी असते तीच राहून जाते. प्लास्टिकची डबी धूळ, धक्का, पाण्याचे शिंतोडे आणि काही प्रमाणात प्रकाश अडवते. क्ष-किरण ती अडवत नाही. भिंत दोन मिलिमीटरची असो वा दहा, विमानतळावरील यंत्राच्या दृष्टीने तिच्यात फरक नाही. उष्णताही ती फार तर थोडा वेळ लांबवते. बंद गाडीत दुपारभर राहिलेल्या डबीतला रोल शेवटी गाडीइतकाच तापतो.

माझ्या मते स्वतः छापलेल्या डबीचा सर्वांत मोठा लाभ वेगळाच आहे. चित्रित झालेला रोल आणि कोरा रोल यांची गल्लत होऊ न देणे हे काम ती तयार डबीपेक्षा फार चांगले करू शकते. 35 मिलिमीटरचा रोल गुंडाळताना फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचे टोक, थोडी बाहेर राहिली, तर तो कोऱ्या रोलसारखाच दिसतो आणि गडबडीत पुन्हा कॅमेऱ्यात चढतो. मग दोन्ही वेळची चित्रे एकमेकांवर उमटून दोन्ही वाया जातात. ही चूक आकारानेच टाळता यावी, या दृष्टीने पुढची पेटी आखली आहे.

मापे

135 या नावाने ओळखली जाणारी 35 मिलिमीटरची कॅसेट कोडॅकने 1934 मध्ये आणली आणि 120 चा रोल त्याहून जुना, 1901 चा आहे. दोन्हींची बाह्य मापे इतकी वर्षे टिकून आहेत, त्यामुळे एकदा नीट आखलेली डबी कोणत्याही कंपनीच्या रोलला चालते. तरीही पुस्तकी आकड्यांवर विसंबू नये. व्हर्नियर कॅलिपर घ्यावा, हाताशी असतील तेवढ्या निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅसेट मोजाव्यात आणि प्रत्येक मापासाठी त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरावा.

कॅसेटचा व्यास सुमारे 25 मिलिमीटर आणि एका बाजूने बाहेर आलेल्या स्पूलच्या (फिल्म जिच्यावर गुंडाळतात त्या दांडीच्या) टोकासकट एकूण लांबी 47 ते 48 मिलिमीटर भरते. पण एवढ्यावरून 26 मिलिमीटरचे गोल भोक काढले, तर कॅसेट त्यात जाणार नाही. जिथून फिल्म बाहेर येते ती मखमल लावलेली कड अंगाला स्पर्शरेषेत बाहेर निघालेली असते. वरून पाहिले तर चौकोनात बसवलेल्या वर्तुळाचा एक कोपरा ही कड व्यापते आणि उरलेले तीन कोपरे रिकामे राहतात. म्हणून चार मापे स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत: अंगाचा व्यास, कडेच्या टोकापासून समोरच्या बाजूपर्यंतची तिरकी रुंदी, स्पूलचे टोक सोडून नुसत्या अंगाची उंची, आणि त्या टोकाची उंची व व्यास. कोऱ्या रोलची जीभ बाहेर असते आणि अंगाभोवती गुंडाळली तरी स्प्रिंगप्रमाणे सुटू पाहते. तिच्यासाठी व्यासात सुमारे दीड मिलिमीटर मोकळीक ठेवावी.

120 च्या रोलला अशी कड नसते. स्पूलच्या चकत्यांचा व्यास सुमारे 25 मिलिमीटर आणि लांबी सुमारे 66 मिलिमीटर असते. मात्र चित्रित झालेला रोल कॅमेऱ्यात सैल गुंडाळला गेला, तर मधला भाग चकत्यांपेक्षा फुगतो. असा रोल घट्ट नळीत कोंबला की कागद सरकतो आणि कडांवरून प्रकाश आत शिरतो. म्हणून नळीचा आतला व्यास 28 मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये.

सहा कॅसेटांची पेटी

कोणतेही आरेखनाचे साधन चालेल. ओपनस्कॅडमध्ये प्रत्येक माप चल म्हणून लिहिता येते आणि एक आकडा बदलला की सगळी पेटी त्याप्रमाणे बदलते, हा मोठाच फायदा आहे. फ्रीकॅडमध्येही कोष्टक जोडून हेच साधता येते. माऊसने आकार ओढून काढण्याची सवय असेल, तर टिंकरकॅड सुरुवातीला पुरेसे आहे, पण मापे बदलायची वेळ आली की त्यात काम वाढते.

खण तीन गुणिले दोन असे मांडावेत. प्रत्येक खण 27 मिलिमीटर बाजूचा चौकोन धरावा आणि त्याचे डावीकडचे दोन कोपरे अर्धवर्तुळाने गोल करावेत. उजवीकडचे दोन कोपरे मात्र तसेच चौकोनी ठेवावेत. दोन का, असा प्रश्न पडेल, कारण कॅसेटची कड एकच कोपरा व्यापते. याचे उत्तर पेटीच्या मूळ कल्पनेत आहे. कॅसेट आपण दोन्ही प्रकारे ठेवणार आहोत: कोरी असेल तेव्हा स्पूलचे टोक खाली आणि चित्रित झाली की टोक वर. कॅसेट उलटी केली की तिची कड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. नुसते गोल फिरवून ती पहिल्या जागी आणता येत नाही. म्हणून दोन्ही कोपरे मोकळे लागतात. गोल केलेली डावी बाजू कॅसेटला आधार देते आणि तिला खणात हलू देत नाही.

आता उंचीकडे वळू. खणाच्या तळाशी मधोमध एक गोल खळगा काढावा. त्याचा व्यास स्पूलच्या टोकापेक्षा दोन मिलिमीटरने जास्त आणि खोली टोकाच्या उंचीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जास्त असावी. तसाच खळगा झाकणाच्या आतल्या बाजूलाही प्रत्येक खणाच्या बरोबर वर काढावा. असे केल्याने टोक खाली असले तर ते तळाच्या खळग्यात जाते, वर असले तर झाकणाच्या खळग्यात जाते, आणि दोन्ही वेळा कॅसेटचे अंग त्याच दोन सपाट पृष्ठभागांमध्ये धरले जाते. झाकण उघडताच टोक दिसले तर रोल चित्रित झालेला आहे. अंधारात किंवा कॅमेऱ्यावरून नजर न काढता नुसते बोट फिरवूनही हे कळते.

समजा अंगाची उंची 43.5 मिलिमीटर आणि टोकाची 4 मिलिमीटर भरली. मग तळ 1.6, खळगा 4.5, अंग 43.5, मोकळीक 0.5, झाकणाचा खळगा 4.5 आणि झाकणाचा माथा 1.6 असे मिळून बाहेरची उंची 56.2 मिलिमीटर होते. खणांमधल्या भिंती 1.6 आणि बाहेरच्या भिंती 2.4 मिलिमीटर धरल्या, तर लांबी 89 आणि रुंदी 60.4 मिलिमीटर येते. जाकिटाच्या खिशात ही पेटी सहज मावते. भिंतींची ही मापे 0.4 मिलिमीटर नोझलच्या (वितळलेले प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडाच्या) पटीत मुद्दाम ठेवली आहेत, कारण 1.6 म्हणजे चार आणि 2.4 म्हणजे सहा रेघा नेमक्या बसतात. मध्ये पोकळी राहत नाही.

खणांच्या भिंती आणि पेटीची बाहेरची भिंत खळग्याच्या वरच्या सपाटीपासून 32 मिलिमीटरपर्यंतच वर न्यावी. म्हणजे झाकण काढल्यावर प्रत्येक कॅसेट साडेअकरा मिलिमीटर बाहेर राहते आणि दोन बोटांनी उचलता येते. कॅसेट काठोकाठ बुडणारी पेटी मी कुणालाही सुचवणार नाही, कारण रोल काढण्यासाठी ती उलटी करावी लागते आणि मग सगळेच रोल खाली पडतात. बाहेरच्या भिंतीचा वरचा 15 मिलिमीटर भाग बाहेरून कापून 1.2 मिलिमीटर जाडीचा गळा करावा आणि झाकणाची 1.2 मिलिमीटर जाडीची कड त्यावर उतरवावी. दोहोंत प्रत्येक बाजूला 0.25 मिलिमीटर फट ठेवली की झाकण हाताने बसते आणि आपोआप निसटत नाही. त्या फटीमुळे झाकण पेटीपेक्षा किंचित मोठे दिसेल. ते तसेच राहू द्यावे, पकड चांगली मिळते. 15 मिलिमीटरचा हा पदर धूळ आणि प्रकाश दोन्हींसाठी आडवाटेचे काम करतो. काडेपेटीसारखी सरकणारी पेटी छापायला सोपी असते, पण तिच्या दोन्ही टोकांच्या फटींतून धूळ आत जाते.

झाकण जागेवर राहावे म्हणून दोन्ही भागांच्या बाहेरून एक मिलिमीटर खोल आणि दहा मिलिमीटर रुंद अशी आडवी खाच काढावी आणि तीत शिवणकामाच्या दुकानात मिळणारी कापडी इलॅस्टिकची पट्टी गोल शिवून बसवावी. ही खाच झाकणाच्या बाजूने नेऊ नये, कारण तिथली कड 1.2 मिलिमीटरचीच आहे. माथ्यावरून आणि तळावरून न्यावी. तिथे खळगे चुकवून, म्हणजे खणांमधल्या भिंतींच्या रेषेत, पुरेशी जाडी मिळते. छापलेल्या प्लास्टिकची अडकणारी जीभ काही दिवसांत थकते किंवा थरांच्या रेषेत तुटते. इलॅस्टिक ढिले झाले तर पाच मिनिटांत बदलता येते.

मोठ्या रिळावरून स्वतः फिल्म भरणाऱ्यांसाठी या पेटीचा आणखी एक उपयोग आहे. पुन्हा भरता येणाऱ्या कॅसेटची टोपणे दाबून बसवलेली असतात आणि कॅसेट पडली तर ती उडून फिल्म उघडी पडते. वर सांगितल्याप्रमाणे अंगाच्या दोन्ही बाजूंना सपाट आधार असला आणि मोकळीक अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिली, तर पेटी पडली तरी टोपणांना सुटायला जागाच मिळत नाही.

120 च्या रोलची नळी

ही डबी रचनेने साधी आहे, पण प्रकाशाच्या बाबतीत तिच्यावर जबाबदारी जास्त आहे. 135 ची कॅसेट स्वतःच प्रकाश अडवते. 120 च्या रोलला फक्त मागच्या कागदाचा आणि चिकटपट्टीचा आधार असतो. म्हणून नळी काळ्या रंगाचीच असावी. आतला व्यास 28, आतली उंची 68 आणि भिंत 2 मिलिमीटर. झाकण आट्यांचे करावे: आट्यांमधले अंतर 3 मिलिमीटर, आट्यांचा उतार 45 अंश, फेरे दीड आणि त्रिज्येत 0.3 मिलिमीटर मोकळीक. उतार 45 अंशांचा असल्यामुळे आटे आधाराशिवाय स्वच्छ छापले जातात. बारीक आट्यांचा मोह टाळावा, कारण 0.2 मिलिमीटरच्या थरांत ते नीट उमटत नाहीत आणि त्यांत वाळूचा एक कण अडकला तरी झाकण जाम होते.

आट्यांऐवजी नुसते दाबून बसणारे झाकण केले, तर आतली हवा दबून झाकण परत वर उचलले जाते. अशा वेळी गळ्याच्या बाहेरून एक मिलिमीटरची उभी चीर ठेवावी, पण ती गळ्याच्या पूर्ण उंचीपर्यंत सरळ नेऊ नये. मध्ये वळण द्यावे, म्हणजे हवा जाईल आणि प्रकाश थेट आत येणार नाही.

कोणते प्लास्टिक वापरावे

पीएलए छापायला सर्वांत सोपे, पण सुमारे 60 अंश सेल्सिअसला ते मऊ पडू लागते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर हे तापमान सहज ओलांडले जाते. एवढ्या उन्हात फिल्मही ठेवू नये हे खरे. पण मऊ पडून वाकडी झालेली पेटी नंतर कधीच नीट बंद होत नाही. घरात किंवा फ्रिजमध्ये ठेवायच्या डबीसाठी पीएलए चालते. प्रवासासाठी पीईटीजी घ्यावे. ते सुमारे 80 अंशांपर्यंत टिकते, धक्का बसला तर तडकण्याऐवजी थोडे वाकते आणि छापताना त्याला वासही फारसा येत नाही. एबीएस आणि एएसए आणखी उष्णता सोसतात, पण त्यांना बंदिस्त प्रिंटर आणि हवेशीर खोली लागते. छापून झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत अशी डबी उघडी ठेवावी.

वासाचा मुद्दा किरकोळ नाही. फिल्मवरील रसायनाला अनेक वायू आणि वाफा सोसत नाहीत: द्रावके, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, गंधकाची संयुगे आणि कपाटात टाकायच्या डांबराच्या गोळ्याही. त्यामुळे डबीचे भाग उग्र वासाच्या गोंदाने जोडू नयेत आणि आतून रंग देऊ नये. रेझिन प्रिंटरवर छापलेला भाग पूर्ण पक्का झाला नसेल, तर त्यातून वाफा येत राहतात. फिल्मसाठी मी ती पद्धत टाळतो.

दोन प्रकारचे फिलामेंट (प्रिंटरला पुरवायची प्लास्टिकची तार) कटाक्षाने वगळावेत. अंधारात चमकणारे फिलामेंट डबीच्या आत तासन्तास प्रकाश देत राहते. आणि कार्बन फायबर मिसळलेल्या फिलामेंटचे बारीक तंतू घासून सुटतात. असा एक तंतू कॅसेटच्या मखमलीत अडकला, तर पूर्ण रोलवर टोकापासून टोकापर्यंत एक सरळ ओरखडा येतो.

काळा की पांढरा, हा निर्णय सरळ नाही. काळे प्लास्टिक प्रकाश चांगला अडवते, पण उन्हात लवकर तापते. 120 साठी वर म्हटल्याप्रमाणे काळाच रंग घ्यावा आणि त्या नळ्या फिकट रंगाच्या कापडी पिशवीत ठेवाव्यात. 135 साठी राखाडी किंवा पांढरी पेटी चालते. अपवाद पॉलिएस्टर पाया असलेल्या फिल्मचा आणि अवरक्त फिल्मचा आहे. अशा फिल्मच्या बाहेर राहिलेल्या जिभेवर पडलेला प्रकाश पायातून वाहत कॅसेटच्या आत पोचतो आणि सुरुवातीच्या फ्रेम धुकटतात. या रोलसाठी 135 ची पेटीही काळीच हवी.

छपाई

पूर्ण पेटी छापण्याआधी एका खणाचा आठ मिलिमीटर उंचीचा काप छापावा. स्लायसरमध्ये (आरेखनाचे छपाईसाठी थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आरेखन आडवे कापून हे लगेच करता येते, आणि हा तुकडा थोड्याच वेळात हातात येतो. त्यात कॅसेट घालून पाहावी, काढून उलटी घालावी, जीभ बाहेर असलेला कोरा रोलही घालून पाहावा. कॅसेट स्वतःच्या वजनाने खाली जायला हवी आणि हलवली तर तिचा आवाज येता कामा नये. छापलेली भोके आरेखनापेक्षा जराशी लहान येतात, आणि किती लहान हे प्रिंटरगणिक बदलते. म्हणून दुसऱ्याच्या फाईलमधली मोकळीक आपल्याकडे तशीच चालेल असे धरू नये. झाकण आणि गळा यांचाही असाच काप छापून पाहावा.

पेटी तळ खाली ठेवून आणि झाकण माथा खाली ठेवून छापावे. दोन्हींचे खळगे वरच्या बाजूला उघडतात, त्यामुळे सपोर्टची, म्हणजे छापताना द्यायच्या तात्पुरत्या आधाराची, गरज पडत नाही. तळाला काढलेल्या इलॅस्टिकच्या खाचेवर मात्र दहा मिलिमीटरचा पूल बांधला जातो; पीईटीजीसाठी ते अंतर शक्य असले तरी त्या थरांपुरता पंखा वाढवावा. पहिला थर बेडवर (छपाईच्या पाटावर) दाबला जाऊन बाहेर पसरतो, म्हणून तळाच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरचा तिरका काप द्यावा. थर 0.2 मिलिमीटर, पीईटीजीसाठी नोझल 230 ते 250 अंश आणि बेड 70 ते 85 अंश, ही सर्वसाधारण मापे आहेत. फिलामेंटच्या गुंडाळीवर छापलेले तापमान त्याहून वेगळे असेल, तर गुंडाळीवरचे मानावे.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात पीईटीजी हवेतला ओलावा भराभर शोषते. नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि खणाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ओढले जातात. इतर वस्तूंत हे तंतू केवळ दिसायला वाईट, पण फिल्मच्या डबीत तेच कचरा होऊन मखमलीवर बसतात. म्हणून फिलामेंट 65 अंशांवर चार ते सहा तास सुकवूनच छपाई सुरू करावी. बाहेरून छापून घेत असाल, तर पीईटीजी, सहा रेघांच्या भिंती, कार्बन फायबर नको आणि फिलामेंट सुकवलेले हवे, हे लेखी कळवावे.

साफसफाई आणि चाचणी

छापून झालेल्या खणांतले तंतू गरम हवेने किंवा लहान चाकूने काढावेत. खणाची आतली बाजू पॉलिश कागदाने घासू नये. घासलीच तर नंतर धुणे अपरिहार्य आहे. सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवावेत, खळग्यांत पाणी साचू देऊ नये आणि पूर्ण एक दिवस वाळवावेत. आतून फोम चिकटवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. आपल्या हवेत हा फोम काही वर्षांत चिकट होतो आणि त्याचा भुगा पडतो. मऊ आधार हवाच असेल तर टीपीयूची (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची) पातळ चकती छापून खळग्याभोवती ठेवावी, आणि तिची जाडी मोकळिकीत धरावी.

प्रकाशाची चाचणी रात्री अंधाऱ्या खोलीत करावी. मोबाईलचा दिवा लावून तो काळ्या नळीत घालता येत नाही, म्हणून उलट बाजूने जावे: नळीच्या तोंडावर डोळा घट्ट लावून बाहेरून भिंतीवर आणि तळावर तेजस्वी टॉर्च फिरवावी. भिंतीतून लाल-तपकिरी उजेड झिरपताना दिसला, तर आणखी दोन रेघा वाढवून नळी पुन्हा छापावी. झाकणाच्या सांध्याची खात्री करण्यासाठी कमी किमतीच्या फिल्मचा एक तुकडा अंधारात नळीत ठेवून, नळी बंद करून एक तास उन्हात ठेवावी आणि तो तुकडा धुऊन पाहावा. त्याच फिल्मचा उन्हात न ठेवलेला तुकडा सोबत धुतला, की फरक लगेच ओळखता येतो. धक्क्याची चाचणी जुन्या, निकामी कॅसेट घालून टेबलाच्या उंचीवरून करावी.

प्रवासात आणि घरी

विमानतळासाठी पेटी सुरक्षा तपासनिसासमोर एका हालचालीत उघडता यावी आणि आतले रोल ओळखू यावेत, एवढेच पाहावे. सामानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत फिल्म कधीही ठेवू नये; तिथली यंत्रे अधिक तीव्र असतात. हातातल्या सामानाच्या जुन्या क्ष-किरण यंत्रातून 800 पेक्षा कमी आयएसओची फिल्म एखाद-दोन वेळा गेली तर सहसा बिघडत नाही, पण नव्या सीटी स्कॅनरमधून कोणतीही फिल्म जाऊ देऊ नये, असा इशारा कोडॅकनेही दिला आहे. भारतातील बहुतेक विमानतळांवर ही तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे असते. रांगेत पुढे येण्याआधीच पेटी हातात घेऊन, आत न धुतलेली फिल्म आहे आणि ती हाताने तपासावी, अशी नम्र विनंती करावी. निर्णय त्यांचा असतो, आणि गर्दीच्या वेळी त्यांना पटवायला वेळ लागतो, त्यामुळे लवकर पोचलेले बरे. अमेरिकेत मात्र फिल्म हाताने तपासण्याची मागणी प्रवासी करू शकतात असा तिथल्या यंत्रणेचा नियमच आहे. काळ्या नळ्यांमुळे शंका येते, म्हणून तपासणीपुरते 120 चे रोल पारदर्शक पिशवीत काढून ठेवावेत. वेष्टनात असलेले असतील तर ते फोडायची गरज पडू नये अशा प्रकारे बाजूला दाखवावेत.

छापलेली पेटी पूर्ण हवाबंद नसते. थरांच्या सांध्यांतून आणि झाकणाच्या फटीतून बाष्प जातच राहते. पावसाळ्यात पेटी झिपच्या जाड पिशवीत ठेवून त्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकावी. पेटीतच सिलिका ठेवायचे असेल, तर एक खण त्यासाठी द्यावा आणि त्यावर दीड मिलिमीटर भोकांची जाळी छापावी. दाणे त्याहून मोठे असल्यामुळे बाहेर पडत नाहीत. रंग बदलणाऱ्या सिलिकेत निळी जात कोबाल्टची असते आणि ती विषारी आहे, म्हणून नारिंगी घ्यावी. जास्त दिवस साठवायची फिल्म 13 अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवतात. फ्रिजमधून काढलेली पेटी लगेच उघडू नये. दोन तास बंद राहू द्यावी, नाहीतर दमट हवेतले पाणी थंड फिल्मवर थेंबांच्या रूपाने जमते. पेटी आणि पिशवी यांमुळे फिल्म खोलीच्या तापमानाला यायला एरवीपेक्षा जास्त वेळ लागतो, हेही ध्यानात घ्यावे.

रोलवर नोंद करण्यासाठी कागदी मास्किंग टेपचा लहान तुकडा वापरावा, पण 135 च्या कॅसेटवर चांदी-काळ्या चौकोनांचा जो डीएक्स पट्टा असतो त्यावर तो चिकटवू नये, कारण कॅमेरा त्यावरूनच फिल्मची गती (आयएसओ) वाचतो. त्याऐवजी झाकणाच्या माथ्यावर सहा चौकोन आखून घ्यावेत आणि प्रत्येक खणाची नोंद तिथे पेन्सिलने लिहावी. 400 ची फिल्म 1600 वर चित्रित केली असेल, तर लॅबला सांगायची ती गोष्ट रोल खणात उलटा ठेवतानाच, त्याच क्षणी, लिहून ठेवावी.